मागून ऊन असूनही थेंब चमकत का नाहीत? थेंबाच्या मागे काय आहे ते तपासा

तक्रार नेहमीची आहे. सकाळी गच्चीवर किंवा अंगणात मांडणी केली: पितळी तांब्या, शेजारी जास्वंदीची डहाळी, तिच्यावर पाण्याचे थेंब आणि मागून कोवळं ऊन. डोळ्यांना थेंब लखलखताना दिसतात. फोटोत मात्र ते राखाडी, मळकट येतात, नाहीतर त्यांचे पांढरेफट्ट डाग होतात. मग एक्स्पोजर वर-खाली होतो, लेन्स बदलली जाते, नवीन फिल्टर घेतला जातो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

माझं ठाम मत असं आहे की यातल्या बहुतेक वेळा दोष कॅमेऱ्याचा नसतो. थेंबाला स्वतःचा रंग नसतो. तो एक छोटीशी, फार ताकदीची लेन्स असतो आणि त्याच्या मागे जे असेल तेच उलटं करून दाखवतो. पाण्याचा अपवर्तनांक (ते प्रकाश किती वाकवतं याचा आकडा) १.३३ धरला, तर गोल थेंबाचं नाभीय अंतर, म्हणजे समांतर किरण जिथे एकत्र येतात तिथपर्यंतचं अंतर, त्याच्या केंद्रापासून साधारण त्याच्या व्यासाइतकं येतं. ३ मिलिमीटरच्या थेंबाचं नाभीय अंतर म्हणजे जवळपास ३ मिलिमीटर. एवढ्या कमी अंतराची लेन्स मागचं जवळजवळ अर्धं जग आपल्यात सामावून घेते. तुमच्या फ्रेममध्ये आठ-दहा अंशांचा तुकडा असेल, पण थेंबाच्या पोटात आभाळ, शेजारची इमारत, वाळत घातलेली चादर, सगळं असतं. थेंबात राखाडी दिसणारं ते बहुतेक वेळा ढगाळ आभाळ किंवा सिमेंटची भिंत असते.

म्हणून कॅमेरा लावण्याआधी एक तपासणी करा. थेंब जिथे असेल नेमक्या त्याच जागी मोबाइल धरा, त्याचा सर्वांत रुंद कॅमेरा चालू करा आणि कॅमेऱ्याच्या उलट दिशेला, म्हणजे थेंबाच्या मागे बघा. जे दिसेल ते थेंबात उलटं येणार आहे. या एका तपासणीने निम्म्या अडचणी तिथेच कळतात.

थेंब राखाडी आणि सपाट दिसतात

इथे पहिला प्रश्न थेंब पानावर नेमका कुठे आहे हा. पानाच्या मधोमध बसलेल्या थेंबाच्या मागे पानच असतं. मागून कितीही ऊन आलं तरी ते आधी पानाच्या पाठीवर पडतं आणि पानातून गाळून येणारा एकसारखा हिरवा-पिवळा उजेड थेंबापर्यंत पोहोचतो. चमकायला त्यात काही उरत नाही. थेंब पानाच्या कडेला, टोकाला, देठाला, पाकळीच्या काठावर किंवा गवताच्या पात्यावर हवा. तिथे त्याची पाठ मोकळी असते आणि सूर्य थेट आरपार येतो. पानाच्या मधलाच थेंब हवा असेल, तर कॅमेरा इतका खाली आणा की पानाची पातळी जवळपास रेषेसारखी दिसेल आणि थेंब त्या रेषेच्या वर उभा राहील.

दुसरा प्रश्न पार्श्वभूमीचा. मागे उजळ काही असेल तर थेंबाचं पोट उजळ आणि कड काळी दिसते. मागे काळोख असेल आणि प्रकाश बाजूने किंवा वरून तिरपा येत असेल, तर पोट काळं आणि कड, ठिपका, कोर उजळ दिसतात. पहिल्या प्रकारात थेंबाचा आकार स्वच्छ कळतो, दुसऱ्यात तो लखलखतो. दोन्ही चांगलेच, पण आपल्याला कोणता हवा ते न ठरवता मधेच कुठेतरी राखाडी भिंत मागे राहिली की ना आकार मिळतो ना चमक. ‘थेंब उजळत नाहीत’ म्हणणाऱ्याला नेहमी दुसरा प्रकार हवा असतो, म्हणून त्याला काळोख शोधावा लागतो. दाट सावलीतलं झाड, उघडं दार आणि आतली अंधारी खोली, जिन्याखालची जागा, हे सगळं चालतं. नाहीच मिळालं तर काळं सुती कापड. चमकतं सॅटिन किंवा रेक्झिन घेऊ नका, ते ऊन पकडतं. कापडावर ऊन पडत नाही ना हेही बघा, कारण उन्हातलं काळं कापड फोटोत चांगलंच राखाडी येतं.

किती मोठं कापड? हिशोब सोपा आहे. मागच्या वस्तूची रुंदी भागिले तिचं थेंबापासूनचं अंतर, हा जो अपूर्णांक येतो, साधारण तेवढा थेंबाचा व्यास ती वस्तू व्यापते. ३० सेंटिमीटरचं कापड ६० सेंटिमीटर मागे असेल तर थेंबाचा मधला अर्धा भाग काळा होईल आणि भोवतीच्या पट्टीत आभाळ आणि जमीन राहतील. ती पट्टीच उजळ कोर बनते. म्हणून मी कापड सहसा यापेक्षा फार मोठं ठेवत नाही. सगळंच काळं केलं की थेंब काळ्या मण्यासारखा दिसतो.

ऊन आहे, पण थेंबात येत नाही

थेंबातला तेजस्वी ठिपका कुठे आहे ते नीट बघा. सूर्य मागे आणि वर असेल तर आरपार आलेला ठिपका थेंबाच्या खालच्या भागात दिसतो, कारण थेंब चित्र उलटं करतो. ठळक ठिपका फक्त वरच्या भागात असेल, तर ते बाहेरच्या पृष्ठभागावरचं परावर्तन आहे आणि ऊन आरपार येत नाहीये.

कॅमेऱ्याच्या रेषेपासून सूर्य किती तिरपा आहे यावर बाकी सगळं अवलंबून आहे. १५ ते ३० अंश तिरपा असेल तर ठिपका थेंबाच्या आत, बऱ्यापैकी खोल बसतो. ६० अंशांच्या आसपास तो कडेला सरकून मंद होतो. साधारण ८३ अंशांच्या पलीकडे सरळ आरपार वाकून प्रकाश येऊच शकत नाही, तो पाण्याच्या अपवर्तनांकाचाच हिशोब आहे. दहा वाजता ऊन ‘मागून’ वाटत असलं तरी ते खरं तर वरून असतं, आणि थेंब विझल्यासारखे दिसतात ते यामुळे.

पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरमध्ये सूर्य नेमक्या पूर्वेला उगवत नाही. तो पूर्वेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेकडे उगवतो आणि पहिल्या तासात साधारण १२-१३ अंश वर चढतो. म्हणजे कॅमेरा आडवा धरला तर उगवल्यानंतर सव्वा तास ते सव्वादोन तास ही वेळ सोन्यासारखी. मांडणी आदल्या संध्याकाळीच आग्नेयेकडे तोंड करून ठरवून ठेवा. सप्टेंबरच्या शेवटी मात्र सूर्य जवळपास थेट पूर्वेला उगवतो, त्यामुळे हिवाळ्यात जमलेली जागा नवरात्रात जमेलच असं नाही.

थेंबात इंद्रधनुष्याचे रंग चमकावेत अशी अनेकांची इच्छा असते, आणि त्यासाठी ते मागच्या उन्हात तासन्‌तास घालवतात. ते रंग सूर्य तुमच्या पाठीशी असताना, त्याच्या विरुद्ध बिंदूपासून, म्हणजे तुमच्या डोक्याच्या सावलीपासून, सुमारे ४२ अंशांवरच्या दवबिंदूंत दिसतात. मागून येणाऱ्या उन्हात ती अपेक्षा ठेवू नका. इथलं सौंदर्य पांढऱ्या तेजाचं आणि पाकळीच्या रंगाचं आहे.

थेंबातलं फूल काळपट येतं

थेंबाच्या मागे फूल ठेवून त्याची उलटी प्रतिमा थेंबात पकडायची, हा प्रकार सगळ्यांना आवडतो आणि मागच्या उन्हात तोच सर्वांत जास्त फसतो. कारण साधं आहे. ऊन फुलाच्या पाठीवर पडतं आणि थेंबाकडे वळलेलं फुलाचं तोंड त्याच्याच सावलीत असतं. झेंडूसारखं भरगच्च फूल तर प्रकाश अजिबात आरपार सोडत नाही.

उपाय दोन. एक, पातळ पाकळीचं फूल निवडा. जास्वंद, गोकर्ण, कॉसमॉस यांच्या पाकळ्या मागच्या उन्हाने पेटून उठतात आणि थेंबात रंग भरून येतो. दोन, झेंडू किंवा शेवंतीच हवी असेल तर कॅमेऱ्याच्या बाजूने, फ्रेमच्या अगदी बाहेर, पांढरा पुठ्ठा किंवा अॅल्युमिनियम फॉइल लावलेला पुठ्ठा धरून ऊन फुलाच्या तोंडावर परत फेका. स्टीलचं ताट वापरू नका. त्याचं परावर्तन एका जागी तळपतं आणि फुलावर पट्टे पाडतं.

अंतराचा हिशोब वरचाच. ६ सेंटिमीटरचं फूल १२ सेंटिमीटर मागे ठेवलं की थेंबाचा अर्धा व्यास भरतो. ६ सेंटिमीटरवर आणलं तर ते थेंबात मावत नाही, नुसता रंगाचा गोळा होतो. थेंबात फूल सरळ दिसायला हवं असेल तर ते उलटं, देठ वर करून टांगा. गोल, चारी बाजूंनी सारख्या फुलांना ही खटपट लागत नाही.

फोकस थेंबावर आहे तरी आतलं चित्र मऊ

हा या विषयातला सर्वांत चुकवणारा भाग आहे, म्हणून जरा सावकाश सांगते. थेंबाची कड आणि थेंबातलं चित्र एका पातळीवर नसतात. मागच्या वस्तूची प्रतिमा थेंबाच्या केंद्रापासून कॅमेऱ्याकडे, साधारण थेंबाच्या व्यासाइतक्या अंतरावर तयार होते. ३ मिलिमीटरच्या थेंबात कड एका जागी, आणि चित्र तिच्यापेक्षा ३ मिलिमीटर किंवा किंचित जास्त पुढे, म्हणजे थेंबाच्याही बाहेर हवेत. ऑटोफोकस कड पकडतो, कारण तिथे काळ्या-पांढऱ्याचा फरक जास्त असतो. आतलं फूल मऊ येतं आणि दोष लेन्सला जातो.

१:१ आकारात (वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराइतकीच), फुलफ्रेमवर (३६×२४ मिलिमीटरचा सेन्सर), एफ ८ ला (एफचा आकडा मोठा, तितकं लेन्सचं छिद्र म्हणजे अॅपर्चर लहान) क्षेत्रखोली, म्हणजे धारदार दिसणाऱ्या पट्ट्याची जाडी, जेमतेम १ मिलिमीटर असते. एफ १६ ला ती सुमारे २ होते, पण १:१ वर एफ १६ चा परिणाम एफ ३२ सारखा होतो आणि विवर्तनाने, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने, सगळंच थोडं मऊ पडतं. म्हणजे अॅपर्चर कितीही बंद केलं तरी ३ मिलिमीटर हाती येत नाहीत. माझा सल्ला: इतकं जवळ जाऊच नका. १:२ वर (निम्म्या आकारात) एफ ८ ला क्षेत्रखोली जवळपास ३ मिलिमीटर मिळते, आणि आजच्या सेन्सरवर थोडं कापून घेतलं तरी चित्र टिकतं. दुसरा मार्ग लहान थेंबाचा. २ मिलिमीटरच्या थेंबात हे अंतरही २ मिलिमीटरवर येतं.

फोकस हाताने करा. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर, चित्र मोठं करा, आधी कड स्पष्ट करा, मग कॅमेरा किंचित मागे सरकवत आतलं चित्र धारदार होईपर्यंत या, आणि एकाच फोटोत दोन्ही हवं असेल तर मध्यावर थांबा. एकच निवडायचं झालं तर मी आतलं चित्र निवडते. कडेची मऊ रेघ डोळा माफ करतो. फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो एकात जोडणं) घरात उत्तम चालतं, पण बाहेर दोन फोटोंच्या मध्ये डहाळी हलली की थेंबातला ठिपका जागा बदलतो आणि जोडलेल्या चित्रात दोन-दोन ठिपके दिसतात.

हलण्याचा हिशोबही डोळे उघडणारा आहे. पान सेकंदाला फक्त ५ सेंटिमीटर वेगाने डुललं तरी १/५०० सेकंदात ०.१ मिलिमीटर सरकतं. १:१ वर सेन्सरवरही तितकंच, म्हणजे वीस-पंचवीस पिक्सेल. कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण इथे काही करू शकत नाही, कारण हलतंय ते पान. पण आपली मांडणी आहे, जंगलातलं फूल नव्हे. डहाळी कापून वाळू भरलेल्या बाटलीत खोचा, कपड्यांच्या चिमट्याने काठीला बांधा, वाऱ्याच्या बाजूला पुठ्ठा उभा करा. मग १/५०० किंवा १/१०००, आयएसओ २०० ते ४०० आणि एफ ८ पासून सुरुवात करता येते.

पांढरे डाग आणि सगळ्यावर धूसर पडदा

या दोन वेगळ्या तक्रारी एकत्र येतात. थेंबातली सूर्याची प्रतिमा फार लहान असते. ३ मिलिमीटरच्या थेंबात तिचा व्यास सुमारे ०.०३ मिलिमीटर. तो ठिपका पांढराच जळणार, आणि जळू द्यावा. तो वाचवण्यासाठी एक्स्पोजर खाली आणत गेलात तर बाकी सगळं काळं होईल. ठिपक्याऐवजी मोठा डाग दिसत असेल तर कारण फोकसमध्ये किंवा फ्लेअरमध्ये, म्हणजे लेन्सच्या काचांत उसळून पसरणाऱ्या उजेडात, शोधा. काळ्या पार्श्वभूमीमुळे कॅमेरा आपणहून जास्त उजेड घेतो, म्हणून उणे १ ते उणे २ एक्स्पोजर भरपाई द्या, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, आणि हिस्टोग्रामपेक्षा (उजेडाच्या आलेखापेक्षा) पाकळीचा रंग फाटतोय का, म्हणजे तपशील जाऊन सपाट होतोय का, ते बघा. लाल जास्वंदीत लाल चॅनल सगळ्यांत आधी भरतो.

ऊन मऊ करायला बटर पेपर लावणारे बरेच आहेत. त्याने ठिपक्याच्या जागी पांढरी खिडकी येते. काचेच्या बरणीच्या मांडणीत ती छान दिसते, पानावरच्या थेंबात मला ती निर्जीव वाटते.

धूसरपणाचं कारण जवळपास नेहमी एकच असतं: सूर्य फ्रेमच्या बाहेर असला तरी लेन्सच्या पुढच्या काचेवर थेट पडतोय. २० अंशांच्या उन्हाला लेन्सचा हूड (पुढे लावायची झडप) पुरत नाही. पुठ्ठ्याचा तुकडा थेंबाच्या वर, फ्रेमच्या जरासा बाहेर धरा आणि स्क्रीनकडे न बघता लेन्सच्या काचेकडे बघा. पुठ्ठ्याची सावली पूर्ण काचेवर पडली पाहिजे आणि थेंबावर अजिबात पडता कामा नये. ती जागा सापडली की पुठ्ठा स्टँडला चिकटवून टाका. समोरचा यूव्ही फिल्टर काढा, काच पुसा. बोटाचा एक ठसा मागच्या उन्हात सगळा काळा रंग खाऊन टाकतो. कोकणात, मुंबईत आणि पावसाळ्यात सगळीकडेच, एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर आणला तर काचेवर दव धरतं आणि तोही पडदा फ्लेअरसारखाच दिसतो. बॅग बंद ठेवून अर्धा तास बाहेर राहू द्या. आणि आरशाच्या कॅमेऱ्याच्या (डीएसएलआरच्या) व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे कधीही बघू नका, डोळ्याला कायमची इजा होते.

थेंब टिकत नाहीत, पसरतात, ओघळतात

पाणी आणि पान यांची जोडी बघून घ्या. अळवाच्या पानाला पाणी चिकटत नाही, थेंब गोल राहतो आणि त्याच्याखाली हवेचा पातळ थर अडकून त्याला चांदीसारखी झाक येते. पण तो जरा धक्क्याने घरंगळतो, म्हणून तिथे फवारा नको, पान जागेवर बांधून मगच थेंब ठेवा. आंबा किंवा लिंबाच्या पानावर थेंब चपटा होतो आणि चपटा थेंब लेन्स म्हणून कमकुवत. तसाही साधारण ३ मिलिमीटरच्या वरचा पाण्याचा थेंब स्वतःच्या वजनाने चपटा व्हायला लागतो, त्यामुळे मोठ्या थेंबाचा हट्ट धरू नका.

ड्रॉपरचा एक थेंब सुमारे ०.०५ मिलिलिटरचा, म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या वर जातो. इन्सुलिनची सिरिंज चांगली. १०० युनिटच्या सिरिंजवर एक युनिट म्हणजे ०.०१ मिलिलिटर, त्याचा गोल थेंब साधारण २.७ मिलिमीटरचा. सुई पानाच्या काठाला हलकेच टेकवून थेंब उतरवा. काम झालं की सुईला टोपण घालून ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

फवारणीची बाटली साबणाने धुतलेली असेल तर दहा वेळा खळखळून धुवा. साबणाचा अंश पाण्याचा पृष्ठताण मोडतो आणि थेंब पसरतात. बोअरवेलचं पाणी वाळलं की पांढरे डाग मागे ठेवतं. बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी वापरलं तर ती कटकट जाते. ग्लिसरिन अर्धं आणि पाणी अर्धं घातलं तर थेंब बराच वेळ हलत नाहीत आणि सुकत नाहीत. कापलेल्या डहाळीवर, फळांवर, काचेवर खुशाल वापरा. कुंडीतल्या जिवंत रोपावर वापरू नका, आणि मुंग्या-मधमाश्या येणाऱ्या फुलावर तर नकोच.

फक्त मोबाइल असेल तर

मोबाइलमध्ये अडचण वेगळी आहे. काळोखी पार्श्वभूमी आपण मेहनतीने मिळवतो आणि ऑटो एचडीआर (अंधारे भाग आपोआप उजळणारी सोय) ती उजळून पुन्हा राखाडी करतो. सेटिंगमध्ये बंद करता येत असेल तर बंद करा. नसेल तर थेंबावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा आणि बोट खाली ओढून चित्र गडद करा, पाकळीचा रंग परत येईपर्यंत. मॅक्रो मोड सहसा सर्वांत रुंद कॅमेऱ्याने चालतो, त्यामुळे पार्श्वभूमी फार मोठी घेतली जाते आणि कापडाच्या बाहेरचं सगळं आत येतं. त्यापेक्षा जरा मागे उभं राहून दुप्पट किंवा तिप्पट झूमने काढा आणि नंतर कापा. चित्रात हिरवे-जांभळे ठिपके तरंगत असतील तर ती मोबाइलच्या काचांमधली परावर्तनं आहेत. दुसऱ्या हाताच्या तळव्याने लेन्सवर सावली करा, ते लगेच जातात.